चौथ्या कोपऱ्याची गाठ

आमच्या घरात हकिकतीच्या आधी मागणी सांगायची पद्धत आहे. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरी करता करता जन्मभर पत्रकं लिहिली. त्यांच्या प्रत्येक पत्रकाची पहिली ओळ मागणीची असायची. मीही तसंच सुरू करते.

तुम्ही आजारी असाल आणि तुमचे हात चालत नसतील, तर पाणी मागा. तहान लागली की लगेच मागा. घसा कोरडा पडेपर्यंत थांबू नका.

एवढी एकच मागणी. ती मला स्वतःला जमली नाही आणि त्यापायी माझं एक बोट जास्तीचं गेलं. डोंगरावर काय झालं ते सांगताना मला फारशी लाज वाटत नाही. नाशिकच्या दवाखान्यात, उशाशी माणसं बसलेली असताना जे झालं, त्याची वाटते. पण आधी डोंगर.

शिखर

माझं नाव क्रांती. आप्पांनी ठेवलं. लहानपणी मी आणि दादा जेवणानंतर पत्रकांच्या घड्या घालायचो. नखाने घडी दाबून सरळ कशी करायची हे मला पाढ्यांच्या आधी येत होतं. पुढे मी स्वतः लिहायला लागले. माझ्या ज्या पत्रकाची सगळ्यात जास्त चर्चा झाली त्याचं नाव होतं 'ज्याचे ओझे त्याच्या पाठीवर'. ट्रेकला जाताना आपल्या बॅगा गरीब हमालाच्या पाठीवर लादणारे लोक आणि जेवून उठल्यावर ताट तसंच टाकणारे पुरुष, हे दोन्ही एकाच जातीचे, असं त्यात मी ठणकावून लिहिलं होतं. ते आजही मला खोटं वाटत नाही. त्याचा मी जो अर्थ लावून घेतला, तो चुकला.

आम्ही तिघं हिमालयातल्या एका शिखरावर गेलो. पुढे भोयेसर, सुरगाण्याकडचे, आम्हाला अंजनेरीच्या कड्यांवर चढायला शिकवणारे. मध्ये मी. मागे माझी कॉलेजची मैत्रीण मेघना. हिमनदीवर तिघांनी एकाच दोराला बांधून घ्यायचं असतं. बर्फाखाली भेगा असतात, वरून दिसत नाहीत. एक जण आत गेला तर बाकीच्या दोघांनी बर्फावर पडून, हातातली बर्फाची कुऱ्हाड रोवून त्याला धरून ठेवायचं. सरावात मी हे इतक्या वेळा केलं होतं की झोपेतही करू शकले असते. हमाल आम्ही घेतले नव्हते. तो माझाच हट्ट होता.

वर पोचलो तेव्हा ऊन होतं आणि वारा होता. पाठपिशवीत आप्पांनी रंगवलेला फलक होता. पांढऱ्या मांजरपाटावर लाल अक्षरं, 'ज्याचे ओझे त्याच्या पाठीवर'. चार कोपऱ्यांना चार नाड्या. आप्पा मोर्च्याला फलक नेतात तेव्हा स्कूटरवर उलगडू नये म्हणून त्याच नाड्यांनी तो आवळून बांधतात. तसाच त्यांनी तो बांधून दिला होता. हातमोजे घालून मी तीन गाठी सोडवल्या. चौथी ओली होऊन गोठली होती. मेघनाने तिच्याकडची बाजू दोराच्या कडीत अडकवली. माझ्या बाजूचा खालचा कोपरा गुंडाळलेलाच राहिला. फलकावर दिसत होतं फक्त 'ज्याचे ओझे त्याच्या'.

भोयेसर म्हणाले, "अर्धा तर अर्धा. फोटो काढ आणि चल. हातमोजे काढायचे नाहीत."

आमच्या घरचा एक नियम आहे. फलक अर्धा उघडायचा नाही. अर्धा फलक म्हणजे अर्धं बोलून तोंड मिटणं. मोर्च्यात दोन टोकं धरणारी माणसं जवळ आली आणि कापड सैल पडलं की आप्पा रस्त्यावर सगळ्यांदेखत ओरडायचे. तो आवाज माझ्या कानात होता. मी हातमोजे काढले. बाहेरचेही आणि आतलेही.

उजवा मोजा वाऱ्याने उडवला. गाठ सुटली नाही. थोड्या वेळाने बोटं दुखायची थांबली. मला वाटलं, बरं झालं.

फोटोत मी हसते आहे.

खाली उतरताना माझ्या हातात कुऱ्हाड राहीना. मेघनाने माझी पिशवी स्वतःच्या पिशवीवर बांधली. भोयेसरांनी माझे हात त्यांच्या जॅकेटच्या आत, काखेत धरले. बोटं मेणबत्तीसारखी पांढरी आणि कडक झाली होती. फलक त्यांनी घडी करून स्वतःच्या पाठपिशवीत टाकला. तो त्यांच्या पाठीवर खाली आला. मीही जवळजवळ तशीच आले. दोराचं पुढचं टोक आणि मागचं टोक मला धरून होतं आणि मध्ये मी, फलकावरच्या ओळीप्रमाणे एकटीच चालत असल्यासारखी.

नाशिकमध्ये हिमदंश

तिकडच्या गावातल्या दवाखान्यात सुरुवातीचे उपचार झाले आणि दादा येऊन मला नाशिकला घेऊन आला. इथल्या डॉक्टरांनी पट्ट्या सोडल्या. डाव्या हाताला साधे फोड होते. उजव्या हाताच्या, अंगठ्याशेजारच्या पहिल्या दोन बोटांवर काळपट रक्ताचे फोड आले होते.

डॉक्टर सरळ माणूस होते. म्हणाले, नाशिकमध्ये माझ्याकडे उन्हाने पडलेले पेशंट येतात, बर्फाने भाजलेली तू पहिलीच. लष्करातल्या एका डॉक्टर मित्राशी बोलतो. बोलून आल्यावर त्यांनी जे सांगितलं ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"कापायची घाई करायची नाही. कुठवर मेलंय आणि कुठून जिवंत आहे, हे बोटंच दाखवतील. वेळ लागेल. पहिल्या बोटाचं पेर बहुतेक जाणार. दुसरं वाचू शकतं. आपलं काम दोनच, कोरडं ठेवायचं आणि धक्का लागू द्यायचा नाही."

मी विचारलं, लिहिता येईल का. ते म्हणाले, दुसरं वाचलं तर बरंच येईल. तेव्हापासून माझं सगळं लक्ष त्या मधल्या बोटावर. देवावर माझा विश्वास नाही, पण रोज सकाळी पट्टी सोडताना मी त्या बोटाकडे ज्या नजरेने बघायचे, तिला प्रार्थनेशिवाय दुसरा शब्द नाही.

आम्ही चुलीपाशी

मला भाजलेल्यांच्या वॉर्डात ठेवलं. सकाळी ड्रेसिंगची गाडी यायची. तिच्या चाकांचा आवाज आला की सगळ्या जणी गप्प व्हायच्या. प्रत्येकीची पाळी होईपर्यंत बाकीच्या तोंड फिरवून भिंतीकडे बघायच्या. हा तिथला न सांगितलेला नियम. तो मला कुठल्याही चळवळीच्या शिस्तीपेक्षा भारी वाटला.

शेजारच्या खाटेवर विंचूरच्या सुमनबाई होत्या. बाजाराच्या आवारात भज्यांची गाडी, कढई कलंडली, मांडीपासून पावलापर्यंत भाजलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, कशाने भाजलं. मी म्हटलं, बर्फाने. त्यांनी दोनदा विचारून खात्री केली आणि पलीकडच्या खाटेला ओरडून सांगितलं, "ऐकलं का गं, आपण चुलीपाशी भाजलो, ही बया फ्रीजमधी जाऊन भाजली."

वॉर्ड हसला. मीही हसले, पण आतून चटका बसला. त्या सगळ्या कुणासाठी तरी रांधताना भाजल्या होत्या. मी फोटोसाठी.

हात वर

आई जाऊन बराच काळ झाला. दादा अंबडला कंपनीत, शिफ्टमध्ये. म्हणून माझ्यापाशी राहिल्या वैशालीवहिनी, दादाची बायको, नामपूरच्या. आमच्या घरात 'जो जेवला त्याने ताट घासायचं' हा नियम मी आणला होता. वहिनी हसून हो म्हणायच्या आणि सगळ्यांची ताटं घासून टाकायच्या. मी त्यांना दोनतीनदा चांगलंच सुनावलं होतं. तुमच्यासारख्या बायकांमुळे आमचं लिहिणं वाया जातं, असंही एकदा म्हणाले होते. मला नावाने हाक मारा, ताई म्हणू नका, हेही सांगून झालं होतं. त्या ताईच म्हणायच्या.

दोन्ही हात पट्ट्यांमध्ये असलेल्या माणसाला काय काय करता येत नाही, याची यादी मी देत नाही. तुम्ही स्वतः कल्पना करा आणि जिथे तुमची कल्पना लाजून थांबेल तिथून पुढचंच खरं आहे. पहिल्या आंघोळीला वहिनींनी माझ्या हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि मला स्टुलावर बसवलं. मी हात वर धरून, डोळे घट्ट मिटून बसले होते.

त्या म्हणाल्या, "ताई, हात थोडे खाली घ्या. पोलीस नाही आले पकडायला."

मी हसले नाही. मला राग आला होता. त्यांचा नाही, पण बाहेर तो त्यांच्यावरच पडत होता. पाणी गरम आहे, पाणी गार आहे, हळू, एवढंच मी बोलायचे. बाकी काही मागायचे नाही. जे मागितलं नाही ते घेतलं नाही, असा काहीतरी हिशोब मी मनात लावला होता. त्यातून एक युक्ती सुचली. पाणी कमी प्यायचं. पाणी कमी प्यायलं की संडासला कमी न्यावं लागतं. डॉक्टर रोज सांगायचे, भरपूर पाणी पी, रक्त बोटांपर्यंत पोचायला हवं. मी हो म्हणायचे.

वहिनी बाहेरच्या बाकावर बसून त्यांच्या आईशी फोनवर बोलायच्या. "बरी शे वं माय. जेवस थोडंफार. बोलस नही." त्यांच्या माहेरची अहिराणी मला समजते हे त्यांना ठाऊक होतं.

पत्रकाचं वाचन

आप्पा रोज दुपारी स्कूटरवर येत. खाटेजवळ उभे राहत, बसत नसत. एके दिवशी माझ्या पत्रकाच्या उरलेल्या प्रती घेऊन आले आणि वॉर्डभर वाटल्या. आजारपणात माणसाला विचाराची गरज असते, असं त्यांचं म्हणणं. ते गेल्यावर सुमनबाईंनी वहिनींना फर्मावलं, वाच गं, माझा चष्मा घरी हाय.

वहिनींनी वाचलं. माझ्या घरात राहून त्यांनी ते तोवर वाचलेलं नव्हतं. वाचलं तेही अगदी सपाट आवाजात, दुकानाची पावती वाचावी तसं. 'आपले ओझे दुसऱ्याच्या पाठीवर टाकणारा प्रत्येक जण शोषक आहे' या वाक्याला सुमनबाई म्हणाल्या, "म्हंजी मी आता शोषक झाले. मला उठवून बसवायला दोघी लागत्यात." बायका हसल्या.

वहिनींनी कागद घडी केला. मग मला विचारलं, "ताई, मग डोंगरावर तो दोर कशाला बांधला होता?"

त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी सगळं नीट समजावलं. बर्फाखालच्या भेगा, एक जण पडला की दोघांनी धरणं, एकटा माणूस हिमनदीवर का जात नाही ते. चांगलं समजावते मी. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी काय सांगते आहे.

वहिनी "हां" म्हणाल्या आणि सुमनबाईंच्या पाठीमागे उशी लावायला गेल्या. पुढचे दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

पाण्याचा ग्लास

ती दुपार. वहिनी खाली जेवायला गेल्या होत्या. जाताना विचारलं होतं, पाणी पाजून जाऊ का. मी नको म्हटलं. त्या गेल्या आणि तहान एकदम वर आली. टेबलावर स्टीलचा ग्लास भरून ठेवलेला. सुमनबाईंची लेक समोरच बसली होती. ती म्हणाली, देऊ का. मी म्हटलं, नको, मी घेते.

दोन्ही मनगटांच्या मध्ये ग्लास पकडून उचलला. ओठांपर्यंत आला. मग निसटला आणि निसटणारी वस्तू आपण बोटांनीच पकडतो. मीही बोटांनीच पकडली.

ग्लास खाली पडला. पट्टी भिजली आणि आत काहीतरी फुटल्याचं मला कळलं. कोरडं ठेवायचं, धक्का लागू द्यायचा नाही. दोन्ही एका घोटात गेलं. तो घोटही मिळाला नाही.

ती मुलगी नर्सला बोलवायला उठली. मी तिला बसवलं. म्हटलं, काही झालं नाही, फक्त पाणी सांडलं. आणि ओला हात चादरीखाली घातला. वहिनी आल्या, जमीन पुसली, काय झालं विचारलं. ग्लास लवंडला, म्हटलं. दुसऱ्या दिवशीच्या ड्रेसिंगपर्यंत तो हात तसाच ओला राहिला. पत्रकात मी सरकारला विचारत असते, लपवलं का. मी का लपवलं? कारण सांगितलं असतं तर कळलं असतं की मला एक ग्लास पाणी पिता येत नाही. जणू कुणाला ते माहीत नव्हतं.

मग ताप आला. मग वास. पट्टी सोडताना सिस्टरने मान किंचित वळवली. डॉक्टरांनी फोड कधी फुटला विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. तेव्हाच मला समजलं की मधल्या बोटाचं काही खरं नाही.

"वाट बघायला आता वेळ नाही," एवढंच ते म्हणाले.

बसलेली बोलणी

दादा त्या दिवशी आप्पांना वॉर्डाच्या दारातच बोलला. आयुष्यभर तुमचे फलक धरले आम्ही, आता बोटं पण घ्या. आप्पांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढली. वाद अर्ध्यावर सोडताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं. ते जिना उतरून गेले. दुसऱ्या दिवशी आले, पुन्हा उभेच राहिले.

ऑपरेशन झालं. पहिल्या बोटाची दोन पेरं गेली, मधल्याचं दीड. एक बोट फलकाने नेलं, दुसरं पाण्याच्या ग्लासाने. वहिनींना मी ग्लासाचं सगळं सांगितलं.  त्या म्हणाल्या, "मी विचारूनच गेले होते ना, ताई?" आणि उठून बाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं. मला आजवर जितकी बोलणी बसली त्यात हे वाक्य सगळ्यात खोल गेलं, कारण त्यात माझ्यावर आरोप नव्हता. त्या स्वतःची चूक शोधत होत्या.

घरी आले तर कॉलनीच्या कमानीवर मंडळाच्या पोरांनी फ्लेक्स लावला होता. हातात फलक धरून हसणारी मी, वर 'नाशिकची वाघीण'. वाघिणीच्या हाताला मोजे नव्हते. शहर विद्रूप करणाऱ्या फ्लेक्सविरुद्ध मी लिहिलं होतं, तरी तो काढायला सांगायला माझी जीभ उचलली नाही. पोरं सत्काराचं विचारायला प्रेमाने आली होती. सत्काराला मात्र मी नाही म्हटलं.

गाठ

जखमा भरत आल्यावर भोयेसर भेटायला आले. नागलीचे पापड घेऊन आणि फलक घेऊन. तो त्यांच्याकडेच राहिला होता. त्यांनी तो समोरच्या टेबलावर ठेवला. चौथा कोपरा अजून तसाच गुंडाळलेला. वाळून गाठ लाकडासारखी झाली होती.

सर म्हणाले, मी त्या दिवशी तुला खेचून खाली आणायला हवं होतं. शिखरावर आपलंही डोकं थोडं हवेत असतं. त्यांनी खिशातून चाकू काढला.

"कापू नका," आप्पा म्हणाले. मग, कुणाकडेही न बघता, "ती गाठ मी मारली होती. घट्ट बसावी म्हणून दाताने ओढली होती."

मग ते खुर्चीत बसले. माझ्या आजारपणात पहिल्यांदा.

मी फलक जवळ ओढला. डाव्या हाताने प्रयत्न केला. डाव्या बोटांवर नवी नखं अर्धीच आली होती. उजव्या हाताचे खुंट नाडीवरून घसरत होते. सर बघत होते, आप्पा बघत होते, दादा दारात उभा होता. तिघांपैकी कुणालाही ती गाठ सोडता आली असती. कुणीही हात पुढे केला नाही. तेव्हा मला दिसलं की मी घरात काय करून ठेवलं आहे. मदत केली की ही चिडते, हे माझ्या माणसांना इतकं पाठ झालं होतं की मी धडपडत असताना ती सगळी आदराने उभी राहायला शिकली होती.

स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मी हाक मारली. 

"वहिनी, ही गाठ सोडून द्याल का?"

थापणं थांबलं. "आले. तव्यावरची उलथते."

हात पुसत त्या आल्या. बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली, तिचं टोक गाठीत घातलं आणि खाली वाकून सावकाश एकेक पीळ सैल करत गेल्या. मनगटाला पीठ तसंच होतं. कोपरा उलगडला. बाकीच्या कापडावर डोंगराचे डाग पडले होते; 'पाठीवर' हा शब्द तेवढा स्वच्छ होता. त्यांनी तो वाचला की नाही कळलं नाही. पिन परत बांगडीत अडकवली आणि वळल्या.

"आणि पाणी पण द्या," मी म्हटलं.

"एका वेळी एकच काम सांगा, ताई," त्या आतूनच म्हणाल्या. "भाकरी करपली."